शत्रूच्या खात्रीवरचा घाव

(अमडापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सोयाबीन घरात आले आहे, कपाशीची वेचणी अजून चालू आहे. दिवसभराचे काम उरकून तुम्ही या सभागृहात आलात, याबद्दल आधी तुमचे आभार मानतो. आजचा विषय आहे युद्धातला अनपेक्षित घाव. शत्रूला बेसावध गाठणे म्हणजे काय, ते कसे जमते, किती काळ पुरते, आणि आकाशात ड्रोन व त्याच्याही वर उपग्रह फिरत असताना आज ते शक्य तरी आहे का?

हा विषय पुण्याला किंवा देवळालीला शोभेल, बल्लाळदेवीच्या अमडापुरात कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. मला उलट वाटते. नकाशावर अमडापूरवर बोट ठेवा आणि आजूबाजूला पाहा. जिजाऊंचे सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. १७२४ च्या ऑक्टोबरात जिथे निजामुल्मुल्कने मुबारिझखानाला मारून दख्खन आपल्या हाती घेतली, ते साखरखेर्डा आपल्याच जिल्ह्यात. निजामाने विजयाच्या आनंदात त्या गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. लोकांनी साखरखेर्डाच चालू ठेवले. पश्चिमेला जाफ्राबादच्या पुढे गेलात की असई. पूर्वेला अकोल्याकडे गेलात की अडगाव, आणि त्याच्या वर मेळघाटात गाविलगड. असई, अडगाव, गाविलगड. १८०३ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत दक्षिणेतल्या मराठी सत्तेचे भवितव्य या तीन ठिकाणी ठरले. ही भूमी लढायांची आहे. तिच्याविषयी बोलायला पुण्याला जायची गरज नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे धागा सुटणार नाही. आपण मराठी माणसे अनपेक्षित हल्ल्याच्या गोष्टी फार आवडीने सांगतो. लाल महाल सांगतो, कोंढाणा सांगतो, साठ माणसांनी घेतलेला पन्हाळा सांगतो. आणि सांगताना आपण एका क्षणावर थांबतो: शाइस्तेखानाची बोटे तुटली तो क्षण, दोर कड्यावर अडकला तो क्षण. त्या क्षणाच्या आधी काय घडले, ते आपण सांगत नाही. त्या क्षणानंतर काय करावे लागले, तेही सांगत नाही. मला आज त्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींविषयी बोलायचे आहे. लढाई तिथे जिंकली जाते आणि तिथेच हरली जाते, असे मला मनापासून वाटते.

पहिला मुद्दा. अनपेक्षित घाव कुठे बसतो? छावणीवर? किल्ल्यावर? तो आधी शत्रूच्या खात्रीवर बसतो. शत्रूला ज्या गोष्टीची शंका आहे, तिथे त्याने पहारा ठेवलेलाच असतो. ज्या गोष्टीची त्याला पक्की खात्री आहे, तिथे पहारा नसतो. म्हणून चांगला सेनापती शत्रूचे दुबळे ठिकाण शोधण्याआधी शत्रूची खात्री शोधतो.

पालखेडचे उदाहरण घ्या. साखरखेर्ड्याला जिंकलेला तोच निजाम, अवघ्या साडेतीन वर्षांनी. त्याचा भरवसा तोफखान्यावर होता आणि तो भरवसा रास्त होता; समोरासमोरच्या लढाईत त्याच्या तोफांपुढे मराठी घोडदळ टिकणे अवघड. बाजीरावाने ती लढाई त्याला दिलीच नाही. १७२७ च्या पावसाळ्यानंतर तो निघाला आणि जालना, सिंदखेड या निजामाच्या मुलखात शिरला. म्हणजे आपल्या याच भागात! इथून माहूर, मंगरूळपीर, वाशीम असा फिरला. निजामाचा सरदार ऐवजखान मागे. बाजीराव बऱ्हाणपुरावर जाणार अशी हूल उठली आणि बाजीराव खानदेशातून गुजरातेत उतरला. निजाम पाठलाग करून दमला आणि त्याने ठरवले की धावत बसण्यापेक्षा पुण्याकडे वळावे. पुणे धोक्यात आले की बाजीराव मुकाट्याने परत येईल.

ही त्याची खात्री. कुणाची नसती? घर पेटल्यावर माणूस घराकडेच धावतो, अशी सगळ्या जगाची खात्री असते. बाजीराव पुण्याला आला नाही. तो औरंगाबादच्या रोखाने निघाला. आता धावायची पाळी निजामाची होती. लवकर पोचायचे म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. ज्या तोफांवर त्याचा सगळा भरवसा, त्याच! १७२८ च्या फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ तो मराठी घोडदळाच्या वेढ्यात सापडला. पाणी नाही, रसद नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. या मोहिमेत मोठी म्हणावी अशी लढाईच झाली नाही. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धांचा इतिहास लिहिला, तेव्हा याच मोहिमेची मुक्त कंठाने प्रशंसा केली.

आता दुसरे उदाहरण. ते सांगताना मला त्रास होतो, पण सांगितले पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरलेली. दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि घोडदळ तर मोजता न येण्यासारखे. समोर आर्थर वेलस्ली, सुमारे साडेचार हजार कवायती शिपाई आणि सोबत म्हैसूर व पेशव्यांचे घोडदळ. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेने येत होता, आणि दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा बेत होता. मराठी फौज अपेक्षेपेक्षा बरीच जवळ आहे, हे वेलस्लीला वाटेतच कळले. तो थांबला नाही. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याच दुपारी भिडायचे त्याने ठरवले.

पण मध्ये केळना. समोरच्या उतारावर मराठी फौजेचा चोख बंदोबस्त होता. वाटाडे सांगत होते की आसपास दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला खालच्या अंगाला नदीच्या दोन काठांवर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड, अगदी समोरासमोर. त्याने तर्क केला: दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये नदी ओलांडायची वाट असणारच. माणूस पाठवला. उतार सापडला. तिथून तो आपली फौज घेऊन मराठी सैन्याच्या बगलेवर आला.

मित्रहो, या तर्कात काय विशेष आहे? तुम्हाआम्हाला हे दुर्बिणीतून पाहावे लागते का? समोरासमोरच्या गावांत सोयरीक असते, बाजार असतो, गुरे एका काठावरून दुसऱ्या काठावर चरायला जातात. पिंपळगावच्या कुठल्याही गुराख्याला तो उतार ठाऊक असणार. मुलूख आपला, नदी आपली, गुराखी आपला. आणि उतार सापडला तो परक्या सेनापतीला, कारण त्याने विचार केला आणि आपल्या बाजूने कुणी गुराख्याला विचारले नाही. असईचा पराभव अनेक कारणांनी झाला. पण हे कारण मला रात्री झोपू देत नाही.

असईकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तिथली अर्धीच गोष्ट सांगून झाली. त्याआधी दुसरा मुद्दा.

अनपेक्षित घावामागे किती काम असते? १९४८ चा काश्मीर घ्या. उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल शत्रूच्या हाती गेले होते, लेहची जमिनीवरची वाट तुटली होती, आणि झोजीला खिंडीत शत्रू ठाण मांडून बसला होता. सप्टेंबरात पायदळाने हल्ला केला, तो फसला. खिंडीची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. तिथे रणगाडा? त्या उंचीवर जगात कुणी रणगाडा लढवला नव्हता. शत्रूची खात्री किती पक्की असेल, विचार करा. जनरल थिमय्यांनी नेमकी तीच खात्री हेरली. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून वर आणायचे ठरले.

आता कामाकडे पाहा. रणगाड्यांचे बुरूज उतरवले, कारण तेवढे वजन वाटेतल्या पुलांना झेपणार नव्हते आणि उघड्या डोळ्यांना रणगाडा ओळखू येऊ नये हेही हवे होते. पुलांना टेकू दिले. रणगाडे हलवताना श्रीनगरात संचारबंदी. बालताल ते झोजीला ही खेचरांची पायवाट मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीच्या, जवानांनी गोळीबाराच्या टप्प्यात, थंडीत, खोदून रुंद केली. हवामानामुळे हल्ल्याची तारीख पुढे गेली. अखेर १ नोव्हेंबर १९४८ ला बर्फ पडत असताना रणगाडे खिंडीत चढले. पहिल्या रणगाड्यात खुद्द थिमय्या होते. शत्रूने ठाणी सोडली. नोव्हेंबर संपायच्या आत द्रास आणि कारगिल परत आले, लेहची वाट मोकळी झाली.

रणगाडे दिसल्यावर शत्रू हादरला, हा त्या मोहिमेतला काही मिनिटांचा भाग. त्याआधीचे कित्येक दिवस कुदळी-फावड्यांचे आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्या काही मिनिटांना एक पान मिळते आणि कुदळीला एक ओळ. हे मला अन्यायाचे वाटते.

याच कुदळीच्या परंपरेत आपल्या जवळचा एक माणूस आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारच्या बाजूचे, बॉम्बे इंजिनिअर्सचे. हे बॉम्बे सॅपर्स म्हणजे पुण्याच्या खडकीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. रस्त्यात सुरुंग, तोडलेले मोऱ्यांचे पूल, आडवी पाडलेली झाडे, आणि डोंगरांवरून गोळ्या. ८ ते ११ एप्रिल या दिवसांत राणे आणि त्यांच्या तुकडीने जवळजवळ न थांबता वाट मोकळी केली. मांडीला जखम झाली तरी ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीने खुणा करत त्यांनी काम केले. रणगाडे चिंगसला पोचले, पुढे राजौरीला पोचले. राणेंना परमवीर चक्र मिळाले, आणि ते घ्यायला ते हयात होते. राजौरीत रणगाडे इतक्या लवकर येतील, हे शत्रूच्या हिशेबात नव्हते. तो हिशेब चुकवला एका इंजिनिअर अधिकाऱ्याने, सुरुंगांतून वाट काढून.

तरुणांनो, भरतीला जाताना तुम्हाला पायदळ आठवते, कमांडो आठवतो. सॅपर आठवतो का? आठवायला हवा.

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने हा सगळ्यांत महत्त्वाचा. बेसावध गाठल्याचा लाभ किती वेळ टिकतो? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला वाफसा सांगायला नको. पाऊस थांबतो, जमिनीत पेरायला योग्य ओल येते, आणि ती ठरावीक वेळच राहते. बियाणे, तिफण, बैल त्या वेळी बांधावर तयार हवेत. अनपेक्षित घावाने मिळणारी संधीही अशीच असते. ती येते आणि निघून जाते. तुम्ही तेव्हा काय करता, त्यावर पीक ठरते.

म्हणून पुन्हा असईला चला. वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर आला. शत्रू गाफील सापडला, आता लढाई संपल्यातच जमा, असे त्याला वाटले असेल. तसे झाले नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोहलमन हा हॅनोव्हरचा, पण पलटणी आपल्या, महादजींच्या काळापासून कवायत शिकलेल्या. त्यांनी तोफांसकट आपली सगळी रांग काटकोनात फिरवली आणि वेलस्लीच्या समोर तोंड करून उभी केली. हजारो माणसे आणि तोफा, शत्रू चालून येत असताना, नद्यांच्या बेचक्यातल्या अरुंद जागेत! हे किती अवघड आहे, ते सैन्यात राहिलेल्या माणसाला विचारा. असई गावाजवळ मराठी तोफांनी स्कॉटिश पलटणीची अक्षरशः चाळण केली. वेलस्लीचे पंधराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्या कवायती फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढे वॉटर्लू जिंकल्यानंतरही, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावरही, हा माणूस असईला रणांगणावरची आपली सर्वोत्तम कामगिरी मानत असे.

मग आपण हरलो का? कारण घोडदळाचा एवढा मोठा समुदाय निर्णायक वेळी बाजूला राहिला, आणि पायदळाने सावरलेली लढाई सावरलेलीच ठेवायला कुणी आले नाही. ९८ तोफा शत्रूच्या हाती लागल्या. पण त्या दुपारी आपल्या पलटणींनी एक गोष्ट सिद्ध करून दाखवली: चकवा बसला म्हणून लढाई हरावीच लागते असे नाही. शिस्त असेल तर चकव्याची धार काही मिनिटांत बोथट करता येते. असईच्या त्या अनाम गोलंदाजांविषयी मराठीत पोवाडा का नाही, याचा विचार आपण करायला हवा.

याच मुद्द्याचे दुसरे, आनंदाचे उदाहरण १९७१ चे आहे. डिसेंबर महिना. बांगलादेशात उत्तरेकडून आपली फौज खाली येत होती. जमालपूरला पाकिस्तानची बलुच पलटण घट्ट बसली होती. आपल्या ब्रिगेडने ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि जमालपूरच्या पाठीमागे, ढाक्याच्या रस्त्यावर नाकेबंदी केली. या नाकेबंदीत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, म्हणजे जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या हाताखाली. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी जमालपुरातून निसटायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या बंदुकांवर आली.

दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला दुपार कलताना टांगाइलच्या आकाशात विमाने आली. सुमारे सातशे छत्रीधारी जवान उतरले. कुठली पलटण? दुसरी पॅरा. आणि दुसरी पॅरा म्हणजे मुळातली मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. फौजेच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'मराठा' असे लिहिले जाई. कमांडर लेफ्टनंट कर्नल पन्नू. काम एकच: लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल घ्यायचा आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची.

छत्र्या उतरताना पाहून काही पाकिस्तानी सैनिकांना काय वाटले, माहीत आहे? चीनची मदत आली! ते मदतीची वाट पाहत होते, म्हणून त्यांना मदत दिसली. माणूस डोळ्यांनी पाहतो पण मनाने ओळखतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. जगभरच्या बातम्यांत हा आकडा सातशेवरून हजारोंवर गेला, पाच हजार उतरले असे छापून आले, आणि ढाक्यातल्या सेनापतींनी ते वाचले. प्रत्यक्षात पुलावर उतरले सातशे. ढाक्याच्या मनात उतरली अख्खी ब्रिगेड.

आता नीट लक्ष द्या. त्या रात्री पुलावर पाकिस्तानी तुकड्यांनी हल्ले केले. सातशे माणसे, हलकी हत्यारे, शत्रूच्या मुलखात. ती किती दिवस टिकली असती? पण दुसऱ्याच संध्याकाळी, १२ डिसेंबरला, जमालपूरकडून धावत आलेली पहिली मराठा त्यांना येऊन मिळाली. पहिली मराठा आणि जुनी तिसरी मराठा, बांगलादेशातल्या एका पुलावर! कादर सिद्दिकींचे मुक्तिसैनिक आधीपासून त्या भागात होते, आपला एक अधिकारी आधीच जाऊन त्यांना भेटला होता, स्थानिक लोक सामान वाहायला धावले. १६ डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्या भारतीय जवानांत हीच दुसरी पॅरा होती.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. २४ फेब्रुवारी २०२२, युक्रेन, कीव्हजवळचा होस्तोमेल विमानतळ. रशियाच्या हवाई तुकड्या हेलिकॉप्टरने सकाळी उतरल्या. धाडस टांगाइलइतकेच. राजधानी तर टांगाइलपासून ढाका होते त्याहूनही जवळ. पण युक्रेनने उलटा हल्ला केला, धावपट्टीवर तोफगोळे टाकले, मागून येणारी मोठी विमाने उतरू शकली नाहीत, आणि रस्त्याने येणारा रणगाड्यांचा ताफा अडकून पडला. महिन्याभराने रशियाला कीव्हसमोरून माघारी जावे लागले. एका ठिकाणी जंगी पलटण वेळेवर पोचली. दुसऱ्या ठिकाणी मदत वेळेवर पोचली नाही. मोठा फरक हाच होता.

आता आजच्या काळाविषयी, थोडक्यात, कारण बातम्यांमुळे हे तुम्हाला बरेच ठाऊक आहे. लोक विचारतात की आकाशातून सगळे दिसते, मग बेसावध कसे गाठणार? प्रश्न चांगला आहे. उत्तर टांगाइलनेच दिले आहे: दिसणे आणि ओळखणे वेगळे. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनची फौज रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसली. सीमेवर हालचाल अदृश्य नव्हती. पण पूर्वेला जो रोज मागे सरतो आहे, तो इथे पुढे येईल, हे मॉस्कोला पटणारे नव्हते. १ जून २०२५ ला रशियाच्या आत खोलवर, सीमेपासून चार हजार किलोमीटरवरच्या सायबेरियातल्या तळापर्यंत, युक्रेनने विमाने जाळली. ड्रोन होते ११७. ते मालट्रकांवरच्या लाकडी केबिनांत लपवून रशियाच्याच रस्त्यांवरून नेले, आणि छपरे दुरून उघडली. त्यामागे दीड वर्षाची तयारी. उपग्रहाला ट्रक दिसत नव्हता का? दिसत होता. ट्रक हा ट्रकच असतो, ही खात्री होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हल्ला होणार हे शत्रूला ठाऊक असले तरी चकवा देता येतो. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारत उत्तर देणार, हे पाकिस्तानला ठाऊकच होते. तरी ७ मे २०२५ च्या मध्यरात्रीनंतर नऊ ठिकाणी सुमारे पंचवीस मिनिटांत घाव बसले. कधी, कुठे, कशाने, यातले एक जरी झाकता आले तरी पुरते. १९७३ मध्ये सुएझ कालव्यापलीकडची इस्रायलची उंच वाळूची भिंत इजिप्तने कशाने फोडली? पाण्याच्या पंपांनी. तोफांचा विचार सगळे करत होते. पंपाचा विचार एका तरुण इंजिनिअर अधिकाऱ्याने केला. पुन्हा सॅपर! आणि त्याच इस्रायलला पन्नास वर्षे आणि एका दिवसाने, ७ ऑक्टोबर २०२३ ला, कॅमेरे आणि संवेदकांनी भरलेल्या कुंपणावर पुन्हा गाफील गाठले गेले. मनोऱ्यांवरचे कॅमेरे आधी स्वस्त ड्रोनने फोडले. यंत्र जितके महाग, तितकी त्याच्यावरची खात्री मोठी. आणि खात्री मोठी झाली की काय होते, ते आपण पालखेडपासून पाहतो आहोत. त्या दिवशी मारले गेलेले बहुतेक सामान्य नागरिक होते, हे मी इथे मुद्दाम म्हणतो. युद्धकलेविषयी बोलताना हे विसरणाऱ्यांत मला राहायचे नाही.

शेवटी आपली स्वतःची जखम. कारगिल. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरची बसयात्रा झाली होती. हिवाळ्यात त्या उंच चौक्या दोन्ही बाजूंनी रिकाम्या करायची रीत होती. एवढ्या थंडीत तिथे कोण येणार, ही आपली खात्री. मेच्या सुरुवातीला वर अनोळखी माणसे आहेत ही खबर कुणी दिली? उपग्रहाने नाही. मेंढपाळांनी दिली. असईला ज्या गुराख्याला कुणी विचारले नाही, तो या वेळी आपण होऊन सांगत आला. आणि त्याचे ऐकले गेले, हे आपले भाग्य. पण तोवर शत्रू शिखरांवर पक्का बसला होता. ती शिखरे परत घेताना ५२७ जवान गेले.

परत घेतानाही काय केले? टायगर हिलला ३ जुलैच्या रात्री १८ ग्रेनेडियर्सची तुकडी मागच्या, जवळजवळ उभ्या कड्याने चढली, कारण तिकडून कुणी येणार नाही अशी वरच्यांची खात्री होती. योगेंद्रसिंह यादव त्या कड्यावर गोळ्या झेलत वर पोचले. सिंहगडाचा कडा पाहिलेल्या माणसाला हे अपरिचित वाटणार नाही.

युद्ध संपताच सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरीने आपल्याला पूर्णपणे बेसावध गाठले, हे तिने स्पष्ट लिहिले. खबरांचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांकडे होते, ते एकत्र जोडून पाहणारे कुणी नव्हते, हेही लिहिले. लेहला चौदावी कोअर उभी राहिली. पुढे तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था स्थापन झाली. हिवाळ्यात रिकाम्या होणाऱ्या बहुतेक चौक्या आता वर्षभर भरलेल्या असतात. तिथे उभे राहणाऱ्यांत बुलढाण्याची, वाशीमची, जालन्याची पोरे असतात.

त्या समितीचा अहवाल संसदेपुढे आला आणि काही भाग गाळून पुस्तकरूपाने छापला गेला. एखाद्या देशाने आपण कसे फसलो हे स्वतः लिहून लोकांच्या हाती द्यावे, ही मोठी गोष्ट आहे. आयोजकांना माझी एक विनंती आहे. या व्याख्यानाच्या मानधनातून तो अहवाल गावच्या वाचनालयासाठी घ्यावा. भाषा इंग्रजी आहे, पण सोपी आहे. आणि सकाळी सोळाशे मीटर धावून आलेल्या मुलांनी संध्याकाळी एकत्र बसून तो वाचावा. अडेल तिथे गावातले निवृत्त फौजी आहेतच. त्यांच्याइतके चांगले शिक्षक या विषयाला मिळणार नाहीत.